शेवटची फिट कधी आली होती?

वाहन चालवण्याचा परवाना काढायला गेलं की नमुना क्रमांक 1 हातात पडतो. आपल्या प्रकृतीबद्दल आपणच लिहून द्यायचं ते घोषणापत्र असतं. त्यातला पहिलाच प्रश्न अपस्माराचा आहे: फिट येते का, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते, चक्कर येते का. उत्तर होय किंवा नाही, एवढंच द्यायचं. ज्याला शाळेत असताना दोनदा फिट आली आणि पुढे दहा वर्षांत एकदाही आली नाही, त्याने काय लिहावं? जिला फक्त झोपेत फिट येते, तिने? ज्याला मेंदूतल्या कृमीच्या गाठीमुळे आयुष्यात एकदाच आली आणि आता ती गाठही विरून गेली आहे, त्याने? मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाऊन हेच विचारलं तर तो आधी उलट विचारतो, शेवटची फिट कधी आली होती? त्या नमुन्यात हा प्रश्न नाही.

अपस्मार आणि वाहनचालन हे अभ्यासक्षेत्र या न विचारलेल्या प्रश्नाभोवती उभं राहिलं आहे. त्यात मेंदूविज्ञान आहे, कायदा आहे, संख्याशास्त्र आहे, नोकरीचे नियम आहेत, आणि लग्न जमेपर्यंत सांभाळलेली घरातली गुपितंही आहेत. म्हणून इथे वैद्यकाच्या विद्यार्थ्याचं जितकं स्वागत आहे तितकंच वकिलाचं, समाजकार्यकर्त्याचं, परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकाचं; आणि ज्याचा स्वतःचा परवाना अडला आहे त्याचं तर सगळ्यांत आधी.

आत शिरायला मी वाट निवडली आहे ती कुंभकोणमची. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधलं हे गाव मराठी माणसाला परकं नाही. तंजावरच्या मराठी राज्याचा हा मुलूख. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव 1828 साली इथेच जन्मले. आजचा मराठी प्रवासी इथे येतो तो बहुधा नवग्रहांच्या फेरीसाठी. तिंगळूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम, सूर्यनार कोविल, तिरुनळ्ळार अशी नऊ देवस्थानं एका दिवसात करायची, म्हणून टीएन 68 पाटीची भाड्याची गाडी अंधारात दाराशी येऊन उभी राहते. चालक आदल्या रात्री किती झोपला, हे आपण विचारत नाही. या क्षेत्रात मात्र ते विचारावंच लागतं, कारण झोपमोड आणि चुकलेली गोळी यांच्याइतकी फिट ओढवून आणणारी दुसरी कारणं क्वचितच सापडतात. शिवाय राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. 1972 साली ती ‘चोळन’ नावाने सुरू झाली. म्हणजे स्टिअरिंगवर ज्यांचं पोट आहे अशी माणसं इथे भरपूर आहेत. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 1 लाख 40 हजारांच्या घरात होती. भारतातल्या पाहण्या एकत्र करून श्रीधरन आणि मूर्ती यांनी 1999 साली अपस्माराचं प्रमाण हजारी 5.33 काढलं. त्या हिशेबाने एकट्या कुंभकोणमात साडेसातशेच्या आसपास माणसांना हा आजार असणार.

गावाजवळच स्वामिमलै आहे, पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं. मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून आधी मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात, तापवून मेण काढून टाकतात आणि राहिलेल्या पोकळीत रस ओततात. तिथला नटराज जवळून पाहावा. उजव्या पायाखाली एक बुटका पालथा पडलेला असतो, मान वर केलेली, बऱ्याच मूर्तींत हातात नाग. त्याचं नाव अपस्मार. तमिळ माणूस त्याला मुयलकन म्हणतो. शिल्पकाराच्या लेखी तो विस्मृतीचं, अज्ञानाचं रूप आहे. पण लोकांनी त्यात आजारही पाहिला. सातव्या शतकातले शैव संत संबंदर तिरुच्चिराप्पळ्ळीजवळच्या तिरुवासीला आले तेव्हा कोल्ली मळवन या सरदाराची मुलगी याच मुयलकनाने पछाडून मंदिरात पडली होती आणि संबंदरांच्या पदाने ती बरी झाली, अशी कथा या भागात सांगतात.

वैद्यांची परंपरा याहून निराळी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात दहावा अध्याय अपस्माराचा आहे. औषधं, घृतं, अंजनं सांगून झाल्यावर चरक एक साधी व्यवहाराची गोष्ट सांगतो: अशा माणसाला पाणी, विस्तव, झाड, डोंगर आणि अवघड जागा यांपासून जपावं, कारण तिथे प्राण जातो. मला हे वाक्य या सबंध क्षेत्राचं मूळ वाटतं. यात रोग्याला दोष दिलेला नाही, त्याला दूर लोटलेलं नाही. धोका कुठे आहे तेवढं दाखवलं आहे. चरकाच्या यादीत आज मोटरसायकल घालायला हरकत नाही. पण मधल्या काळात कायदा आला, आणि तो वैद्याऐवजी मूर्तीच्या वाटेने गेला. आजार दिसला की पायाखाली दाबायचा.

1939 च्या मोटार वाहन कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं, परवाना पूर्णपणे नाकारायला लावणाऱ्या रोगांचं आणि व्यंगांचं. त्यात पहिलं नाव अपस्माराचं, दुसरं वेडाचं. तेव्हा ब्रिटनमध्येही अशीच सरसकट बंदी होती. ब्रिटनने ती 1970 साली सैल केली आणि तीन वर्षं फिट आली नसेल तर परवाना द्यायला सुरुवात केली. 1982 मध्ये तीनाची दोन वर्षं झाली, 1994 मध्ये एक. आपण 1988 साली नवा कायदा केला, जुनं परिशिष्ट गेलं, पण त्याच्या जागी महिने-वर्षांची कोणतीही मुदत आली नाही. नव्या कायद्याचं कलम 8(4) नीट वाचलं तर आश्चर्य वाटतं. अर्जदाराला असा आजार असेल की ज्यामुळे त्याने *त्या वर्गाचं* वाहन चालवणं लोकांना किंवा प्रवाशांना धोक्याचं होण्याची *शक्यता* असेल, तर परवाना नाकारावा, असं ते म्हणतं. वाहनाचा वर्ग आणि शक्यता या दोन्हींना त्यात जागा आहे. स्कूटर आणि बस यांत फरक करता येतो, काल फिट आलेला आणि पाच वर्षांपूर्वी आलेला यांत फरक करता येतो. कायद्याने ठेवलेली ही जागा नमुन्यातल्या होय-नाहीने बुजवली. पुढे कलम 16 खाली परवाना रद्द होऊ शकतो, आणि प्रकृती ठीक नसताना गाडी चालवल्यास कलम 186 खाली दंड आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 1000 रुपये आणि पुढच्या वेळी 2000. पण किती महिने थांबलं म्हणजे पुरे, हे यांतलं एकही कलम सांगत नाही.

हे ‘किती’ कसं काढतात, ते समजून घेण्यात या विषयाचा खरा रस आहे. फिट परत येण्याची शक्यता सगळ्या काळात सारखी नसते. पहिल्या काही महिन्यांत ती सर्वांत जास्त असते, मग उतरत जाते. म्हणजे नुसतं थांबणं हीसुद्धा एक तपासणी आहे. जितका काळ शांत गेला तितका पुढचा काळ शांत जाण्याचा संभव वाढतो. ब्रिटनने यावर आकडा ठेवला. येत्या वर्षात फिट येण्याची शक्यता शंभरात वीसपेक्षा कमी असेल तर मोटार किंवा मोटरसायकल चालवता येईल; बस किंवा ट्रकसाठी ती दोनपेक्षा कमी हवी. कारण बसचालक दिवसाचे जास्त तास गाडीवर असतो आणि त्याच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. या दुसऱ्या कसोटीपायी तिथल्या बसचालकाला दहा वर्षं, आणि तीही गोळ्यांशिवाय, फिट न येता काढावी लागतात.

अपघातांचा अभ्यास याला जोडून वाचावा. विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्ड भागातल्या परवानाधारकांची पाहणी 1991 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. अपस्मार असलेल्यांचे अपघात इतरांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त निघाले. जास्त आहेत, हे झाकायचं कारण नाही. पण ज्या भीतीपोटी सरसकट बंदी आली त्या मानाने हा फरक लहान आहे. 1999 मध्ये क्राउस आणि सहकाऱ्यांनी, फिट येऊन अपघात झालेले रुग्ण आणि अपघात न झालेले रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. बारा महिने फिटशिवाय गेलेल्यांत अपघाताचा संभव नऊ-दशांशाहून जास्त घटलेला दिसला. ॲरिझोना राज्याने थांबण्याची मुदत बारा महिन्यांवरून तीनवर आणली, तेव्हा अपघातांत लक्षणीय वाढ झाली नाही, असं 2003 च्या अभ्यासात आढळलं. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असं प्रथमदर्शनी वाटेल. वाचकाने तिथे थांबून विचार करावा. एक अभ्यास माणसाचा धोका मोजतो, दुसरा नियमाचा परिणाम मोजतो. नियम कडक असला तरी लोक तो किती पाळतात, यावर दुसरा आकडा ठरतो.

गोळ्या बंद करण्याचा प्रश्नही इथेच येतो. दोन किंवा अधिक वर्षं फिट न आलेल्या हजाराहून जास्त रुग्णांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अभ्यास केला. तो 1991 साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन वर्षांत गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी 78 टक्के आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी 59 टक्के फिटमुक्त राहिले. म्हणून ब्रिटनमध्ये गोळ्या कमी करत असताना आणि बंद झाल्यावर सहा महिने गाडी चालवू नये, असा सल्ला देतात. आपल्याकडे हा सल्ला चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला असतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून माणूस स्वतःच गोळी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर बसतो.

फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोंडाला फेस आलेला, हातपाय झाडणारा माणूस येतो. गाडीवर बसलेल्याच्या बाबतीत दोन शांत प्रकार जास्त ओळखायला हवेत. एकात नजर कुठेतरी खिळते, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं शर्टाचं बटण चाचपत राहतात. हाक मारली तर उत्तर नाही. मिनिटा-दीड मिनिटात सगळं पूर्ववत, आणि त्या माणसाला त्यातलं काही आठवत नाही. या काळात डोळे उघडे असतात आणि पाय ॲक्सिलरेटरवर असू शकतो. दुसरा प्रकार पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू होतो, म्हणजे नेमका परवान्याच्या वयात. सकाळी उठल्यावर हातांना झटका बसतो, टंबलरमधली कॉफी उडते, कंगवा हातातून सुटतो. घरचे ‘वेंधळा आहेस’ म्हणतात. जागरण झालं की झटके वाढतात आणि एखाद्या सकाळी मोठी फिट येते. योग्य औषधाने हा प्रकार फार चांगला आटोक्यात राहतो, मात्र औषध बहुधा वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ‘सकाळी हातातून वस्तू उडतात का?’ एवढं विचारलं तरी निदान पुष्कळदा तिथेच होतं.

दक्षिण भारताने या विद्येत स्वतःची भर घातली आहे. गरम पाणी डोक्यावर ओतताना येणाऱ्या फिटचं सविस्तर वर्णन कर्नाटक आणि आसपासच्या भागातून झालं, बंगळूरचे डॉ. के. एस. मणि यांनी 1960 च्या दशकात त्याकडे लक्ष वेधलं आणि पुढे निम्हान्समध्ये डॉ. पी. सतीशचंद्र यांनी त्याचा पाठपुरावा केला. ज्याला फक्त डोक्यावरून कढत पाण्याने अंघोळ करतानाच फिट येते, त्याने स्कूटर का चालवू नये? होय-नाहीच्या प्रश्नात हा माणूस अडकतो आणि मुदतीच्या नियमातही तो नीट बसत नाही. वेल्लोर जिल्ह्यात डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2006 साली आले. चालू अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांत कारण होतं मेंदूतली कृमीची गाठ. ही गाठ पुष्कळदा काही महिन्यांत विरते. मग त्या रुग्णाला ‘अपस्माराचा रुग्ण’ म्हणायचं कधीपर्यंत? अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय लीगने 2014 मध्ये याचं एक उत्तर दिलं: दहा वर्षं फिट नाही आणि त्यांतली शेवटची पाच गोळ्यांशिवाय गेली, तर आजार मिटला असं समजावं. आपल्या नमुन्यापर्यंत ते उत्तर पोचलेलं नाही.

पोटाचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. बसचालकाला चाळिशीत पहिली फिट आली तर त्याला स्टिअरिंगवरून उतरवणं रास्त आहे, आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही. पण उतरवून त्याला कुठे उभं करायचं? 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याचं कलम 47 सांगत होतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये, त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं. 2003 साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. 2016 च्या कायद्यात ते कलम 20 मध्ये आलं. पण 1995 च्या सात प्रकारांत अपस्मार नव्हता, आणि 2016 च्या एकवीस प्रकारांतही त्याचं नाव नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांची उदाहरणं म्हणून मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन तेवढे आले आहेत. परवान्याच्या वेळी कायद्याला जो आजार एवढा मोठा दिसतो, तोच संरक्षणाच्या वेळी यादीत सापडत नाही. तरुण वकिलांनी इथे काम करावं. डेपोत, वर्कशॉपमध्ये, आरक्षणाच्या खिडकीवर त्या चालकाला जागा आहे हे न्यायालयाला दाखवून देणं अवघड नाही. खासगी व्हॅनच्या चालकाला तर एवढाही आधार नाही. त्याने खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात जाते.

म्हणून लोक लपवतात. जपानमध्ये 2002 पर्यंत सरसकट बंदी होती. मग दोन वर्षांच्या मुदतीचा नियम आला. 2011 च्या एप्रिलमध्ये कानुमा शहरात क्रेनच्या चालकाला फिट आली आणि शाळेत निघालेली सहा मुलं गेली. त्याने आजार लपवला होता आणि गोळीही घेतली नव्हती. त्यानंतर 2013 मध्ये तिथे शिक्षा कडक करणारा कायदा झाला. शिक्षेने लपवणं कमी होतं का, यावर मतभेद आहेत. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात डॉक्टरने रुग्णाचं नाव कळवणं सक्तीचं आहे, आल्बर्टात नाही. 2007 मध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा सक्तीमुळे अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. डॉक्टर आपलं नाव कळवणार हे ठाऊक असेल, तर रुग्ण डॉक्टरलाच फिट सांगत नाही, आणि मग औषधाचा डोसही चुकतो.

आपल्याकडे लपवण्याची मुळं परवान्याच्याही मागे जातात. 1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या शेजारी बसले आणि लग्न रद्द होण्याचं कारण ठरले. भारतीय अपस्मार संघटनेच्या प्रयत्नांनी 1999 मध्ये तो शब्द निघाला. तेवीस वर्षं तो कायद्यात होता, आणि ज्या घरांनी त्या काळात मुली दिल्या-घेतल्या त्यांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या आजाराबद्दल उघडपणे बोलून ‘संवेदना’ हा स्वमदत गट उभा केला. अशा गटात माणूस पहिल्यांदा चारचौघांत म्हणतो की मला फिट येते. तंजावर-कुंभकोणमकडच्या मराठी घरांतही हेच बोलणं सुरू व्हावं, असं मनापासून वाटतं.

या क्षेत्रात येणाऱ्याला करण्यासारखं पुष्कळ आहे. वर सांगितलेले परदेशातले अपघातांचे अभ्यास मुख्यतः मोटारींचे आहेत. आपला रस्ता दुचाकींचा आहे. दुचाकीवर फिट आली तर चालक आणि मागे बसलेली बायको किंवा मूल आधी पडतं, समोरच्या गाडीचा धोका नंतरचा. शंभरात वीसची मोजपट्टी इथे तशीच लावायची की वेगळी, यावर आपलं उत्तर आपल्यालाच काढावं लागेल. शेतातल्या ट्रॅक्टरचं काय, बैलगाडीच्या जागी आलेल्या मालवाहू रिक्षाचं काय, हेही.

सुरुवात बाह्यरुग्ण विभागात करावी. रुग्णाला एक साधी वही द्यावी: फिटची तारीख, वेळ, झोप किती झाली होती, गोळी घेतली होती का, जागेपणी आली की झोपेत, आधी काही जाणवलं का. ज्याने फिट पाहिली त्या भावाला किंवा बायकोला बरोबर बोलवावं, आणि मोबाइलवर चित्रण असेल तर ते आधी पाहावं. रुग्णाने स्वतः आपली फिट कधीच पाहिलेली नसते. चिठ्ठीवर औषधाच्या खाली एक ओळ वाढवावी: गाडी अमुक महिन्यापर्यंत नको, फिट न आल्यास त्यानंतर पुन्हा येऊन विचारावं. कायद्यात मुदत येईल तेव्हा येवो. तोवर ही वही आणि ही ओळ एवढं डॉक्टर आजच्या दुपारीच करू शकतो.